कैरी

माझ्या काउंटरवर एकशे बारा करडे आहेत.
मोजलेत मी, मंगळवारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा.
रविवारचं धुकं, ओली गारगोटी, कबुतराची मान,
आणि एक नुसताच 'शांत'.
त्याच पुठ्ठ्यावर गेल्या वर्षी छापलं होतं 'सिमेंट ३',
तेव्हा त्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.
नाव बदललं, डब्यामागे चार पौंड चढवले,
आता शनिवारी दुपारपर्यंत संपतो.

आमचे आप्पा इचलकरंजीत, प्रोसेसमध्ये रंगारी.
त्यांच्या नखांवरून कळायचं
यंदा बाजारात काय चाललंय:
दिवाळीआधी राणी, लग्नसराईत चिंतामणी,
एका वर्षी तर बाई सगळं आमसुलीच.
व्यापारी तागा उन्हात धरायचा, नाक मुरडायचा,
आणि दोनशे तागे श्रीखंडी परत यायचे.
मग ते काळ्यात बुडायचे.
"न खपलेल्या रंगाला एवढंच औषध," आप्पा म्हणायचे
आणि जेवताना चमचा मागायचे.
हिरव्या बोटांनी भात कालवलेला आईला चालत नसे.

आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायचे.
खरं मँचेस्टर इथून, हॅलिफॅक्सहून,
रेल्वेनं पाऊण तासावर.
इथल्या गिरण्यांचेही फ्लॅट झालेत
आणि फ्लॅटच्या भिंती करड्या.
का, तर विकायला सोपं जातं.
घेणाऱ्याला म्हणे भिंतीत
दुसरं कुणी राहून गेलेलं दिसता कामा नये.

मिस्टर मिजलींनाही एजंटनं तेच सांगितलं होतं.
ट्रॉलीत 'शांत'चे चार मोठे डबे.
वर कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी,
आत लाकडाची ढलपी, रुपयाएवढी,
स्वयंपाकघरातल्या कपाटाची.
"हा मिळेल? छोटाच डबा."

ढलपी यंत्राच्या डोळ्याखाली धरली.
यंत्र म्हणालं, अठ्ठ्याण्णव टक्के.
ते म्हणाले, नाही.
पिवळ्याचा एक थेंब सोडला. नाही.
तपकिरीचा, सुईच्या टोकाएवढा. माहीत नाही, म्हणाले.
मग मीच म्हटलं, बाहेर चला,
ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खोटी साक्ष देतात.

पार्किंगमध्ये, ट्रॉल्यांच्या रांगेशी,
तो व्यापारी धरायचा तशी मी रंगाची काडी वर धरली.
आकाश अर्थात करडं.
कितवं, ते मी सांगू शकले असते.
मिजलींनी चष्मा काढला, ढलपी शेजारी आणली.
दोन गाड्या आल्या, एक गेली.
"डोरीननं निवडला. सत्त्याऐंशी साली.
मला कधीच आवडला नाही," म्हणाले,
आणि मान हलवली: हाच.

कुठे लावणार?
"कपाटाच्या आत. मागच्या फळीला.
तिथं कोण बघायला जातंय."

लेबल छापायला यंत्राला नाव लागतं.
रिकामं सोडलं तर पुढे जातच नाही.
मिजली विचार करत उभे, मागे रांग,
रांगेत एक बाई 'रविवारचं धुकं' छातीशी धरून
घड्याळाकडे बघत होती.
शेवटी यंत्राला मी काहीतरी आकडे दिले
आणि झाकणावर मार्करनं लिहिलं: कैरी.
हे काय?
आंबा व्हायच्या अगोदर जे असतं ते, म्हटलं.
समजल्यासारखी मान डोलावली त्यांनी,
दोन पौंड ऐंशी, सगळी चिल्लर मोजून दिली,
आणि तो डबा ट्रॉलीत नाही, खिशात ठेवला.

माझं घर भाड्याचं. चारी भिंती मॅग्नोलिया,
घरमालकांचा लाडका रंग,
पांढरा म्हणवत नाही, पिवळा ठरवता येत नाही.
नळाखाली हात धरला.
साबण, मग लिंबाची फोड, मग टर्पेंटाइन.
अंगठ्याचं नख हिरवं ते हिरवंच.

भात होता, आमटी होती.
चमचा काढला,
पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला.